साळगावचे ख्रिस्तमंदिर

मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर एक काम नियमाने चालते. मासेमारीचा हंगाम संपतो आणि होड्या पाण्याबाहेर ओढून वाळूवर आणल्या जातात. मोठ्या होड्या दोन्ही बाजूंनी लाकडाचे टेकू देऊन उभ्या ठेवतात; लहान होड्या उपड्या घालून झापांनी झाकतात. अशा उपड्या होडीखाली वाकून पाहिले म्हणजे एक निराळेच दृश्य दिसते. मध्यावर लांब कणा, त्याच्या दोन्ही अंगांना ठरावीक अंतरावर वाकलेल्या लाकडी फासळ्या आणि त्या फासळ्यांवर बसवलेल्या फळ्या! माणसाला आत शिरून बसता येईल असे ते एक लहानसे छतच असते.

युरोपात सुमारे नऊशे वर्षांपूर्वी दगडांची प्रचंड ख्रिस्तमंदिरे उभी राहू लागली. त्यांच्या आत उभे राहून वर पाहिले, तर एखादी अवाढव्य होडी उपडी घातली आहे, असाच भास होतो. मंदिराच्या मधल्या लांब दालनाला तिकडे ‘नेव्ह’ म्हणतात. लॅटिन भाषेत ‘नाविस्’ म्हणजे जहाज. त्याच शब्दावरून हे नाव पडले, असे सांगतात. या बांधणीला गॉथिक शैली असे नाव आहे. ती पाहण्यासाठी युरोपात जाण्याचे कारण नाही. वेंगुर्ल्याहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतक्या अंतरावर, गोव्याच्या बारदेश तालुक्यात, साळगाव येथे या शैलीचे एक सुंदर मंदिर उभे आहे.

वेंगुर्ल्याहून दक्षिणेकडे निघालेला प्रवासी प्रथम शिरोड्याला येतो. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे हे गाव सर्व महाराष्ट्राला परिचित झाले. पुढे सातार्ड्याच्या पुलावरून तेरेखोल नदी ओलांडली की गोव्याची हद्द लागते. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत या नदीपलीकडे पोर्तुगिजांचे राज्य होते. आज मात्र नदी ओलांडल्याची जाणीव पाण्याकडे पाहिल्यावाचून होत नाही. अलीकडे जे माड, जी कौलारू घरे आणि जी भातशेते, तीच पलीकडेही दिसतात. पेडणे मागे पडते, कोलवाळच्या पुलाखालून शापोरा नदी वाहताना दिसते आणि मग म्हापसे हे बाजाराचे गाव येते. म्हापशाहून साळगाव अगदी जवळ आहे.

साळगावात शिरताच भातशेतांच्या हिरव्या पटावर एक शुभ्र इमारत एकाएकी दृष्टीस पडते. गोव्यात पांढरी ख्रिस्तमंदिरे पुष्कळ आहेत. परंतु हे त्यांच्याहून वेगळे आहे, हे अजाण माणसालाही कळते. इतर मंदिरांचे दर्शनी भाग रुंद, भरदार आणि वळणदार नक्षीचे असतात. साळगावच्या मंदिराची प्रत्येक रेषा मात्र वर चढू पाहते. खिडक्या उंच व अरुंद असून त्यांच्या कमानी माथ्याशी टोकदार आहेत. भिंतींच्या वर बारीक निमुळती शिखरे उभी आहेत. जणू सारी इमारत टाचा उंचावून आकाशाकडे पाहत आहे! हे मंदिर १८७३ मध्ये पूर्ण झाले. ‘मायं द देउश’, म्हणजे देवाची माता, हे त्याचे नाव.

अशा भव्य मंदिराला लोक पुष्कळदा ‘कॅथीड्रल’ म्हणतात. परंतु त्या शब्दाचा अर्थ मोठे मंदिर असा नाही. धर्मप्रांताच्या मुख्य धर्मगुरूला बिशप म्हणतात आणि ज्या मंदिरात बिशपचे आसन असते, तेवढ्याच मंदिराला कॅथीड्रल हे नाव शोभते. मग ते मंदिर आकाराने लहान असले तरी चालते. सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत २००५ मध्ये स्थापन झाला आणि तेव्हापासून सावंतवाडीचे मिलाग्रिस मंदिर हे त्याचे कॅथीड्रल आहे. साळगावचे मंदिर कॅथीड्रल नव्हे. ते एका गावाचे मंदिर आहे. मात्र त्याचे रूप युरोपातील गॉथिक कॅथीड्रलांवरून घेतलेले आहे. म्हणून त्याकडे नीट पाहावयाचे, तर ती शैली कशातून जन्मली हे आधी समजून घेतले पाहिजे.

दगडाच्या भिंती उंच बांधणे फारसे कठीण नाही. कठीण आहे ते त्यांवर दगडाचे छत घालणे. लाकडाचे छत आगीत जळते, म्हणून दगडाचे छत हवे. पण दगडाची सपाट फळी लांब असली की स्वतःच्या भाराने मध्येच मोडते. यावर मनुष्याने फार प्राचीन काळी कमानीची युक्ती शोधून काढली. कमानीतले दगड एकमेकांना रेटून धरतात. त्यामुळे एकही खाली पडत नाही. परंतु हा रेटा तेथेच संपत नाही. तो कमानीच्या दोन्ही पायांशी येतो आणि त्यांना बाहेर ढकलू लागतो.

हे समजण्यासाठी एक साधा प्रयोग करता येतो. गुळगुळीत मेजावर एखादे पुस्तक मधोमध उघडून तंबूसारखे उपडे ठेवावे आणि त्याच्या कण्यावर बोटाने हळूहळू दाब द्यावा. पुस्तकाच्या दोन्ही कडा बाहेर सरकतात आणि तंबू कोसळतो. आता दोन्ही कडांशी एकेक जड पेटी ठेवून तसाच दाब द्यावा. तंबू जागचा हलत नाही. दगडी छताचेही असेच आहे. छत टिकायचे, तर त्याच्या पायांना बाहेरून कोणीतरी अडवून धरले पाहिजे.

जुन्या बांधकाम करणाऱ्यांनी हे काम जाड भिंतींवर सोपवले होते. भिंत जितकी जाड, तितकी ती रेटा सहन करी. पण भिंत जाड झाली म्हणजे खिडकी मोठी ठेवता येत नाही, आणि खिडकी लहान झाली म्हणजे आत अंधार राहतो. उत्तर युरोपात हिवाळ्यात सूर्य क्षितिजाजवळूनच जातो आणि दिवस फार लहान असतो. त्या देशातील माणसाला प्रकाशाची किती तहान असेल! छत उंच हवे, ते दगडाचे हवे आणि तरीही आत प्रकाश हवा. अशा तीन परस्परविरोधी मागण्यांतून गॉथिक शैली निर्माण झाली.

त्या शिल्पकारांनी तीन उपाय योजले. पहिला उपाय टोकदार कमानीचा. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मी असावी लागते. तीत फेरफार करता येत नाही. टोकदार कमान मात्र तेवढ्याच रुंदीवर हवी तितकी उंच नेता येते. शिवाय ती आपला भार अधिक सरळ खाली उतरवते; त्यामुळे बाहेरचा रेटा कमी होतो. दुसरा उपाय फासळ्यांचा. सारे छत सारख्या जाडीचे न करता प्रथम दगडी कमानींच्या फासळ्या उभारावयाच्या आणि त्यांच्यामधल्या जागा हलक्या, पातळ दगडांनी भरून काढावयाच्या. उपड्या होडीत फासळ्या आणि फळ्या यांचे जे नाते, तेच येथेही आहे. छताचा भार या फासळ्यांवाटे ठरावीक खांबांवर येतो आणि मधल्या भिंती मोकळ्या होतात.

तिसरा उपाय आधारांचा. खांबांशी येणारा रेटा थोपवण्यासाठी बाहेरच्या बाजूस भक्कम पुस्ते बांधले गेले, आणि त्या पुस्त्यांपासून भिंतीच्या वरच्या भागापर्यंत अधांतरी कमानी टाकल्या गेल्या. वाळूवर उभ्या केलेल्या होडीला दोन्ही बाजूंनी टेकू देतात, तसेच हे दगडी टेकू होत. पुस्त्यांच्या माथ्यावरची बारीक शिखरे केवळ शोभेची वाटतात. परंतु त्यांनाही काम असते. त्यांच्या वजनामुळे पुस्त्यावर वरून दाब पडतो आणि तो बाहेर कलंडत नाही. ज्या गोष्टी पाहणाऱ्याला अलंकारासारख्या भासतात, त्यांतील बहुतेक अशा राबणाऱ्या आहेत, हे या शैलीचे मर्म होय.

अशा रीतीने भारातून सुटलेल्या भिंतींच्या जागी मोठमोठ्या खिडक्या आल्या. काच वितळवताना तीत धातूंचे अंश मिसळून तिला रंग देत. कोबाल्टमुळे निळा रंग येई, तांब्यामुळे लाल, मँगनीजमुळे जांभळा. या रंगीत काचांचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून त्यांतून ख्रिस्ताच्या व संतांच्या चरित्रांतील प्रसंग साकार केले जात. त्या काळी बहुसंख्य लोकांना वाचता येत नसे. ते या खिडक्यांतून धर्मकथा वाचीत. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक दाखवीत कथा सांगतात. तेथे चित्रांना निवेदकाचा आवाज असतो, येथे सूर्याचा प्रकाश असतो. पण निरक्षरालाही कथेचा लाभ व्हावा हा हेतू दोहोंकडे एकच आहे.

पॅरिसजवळील सँ दनी येथील मठाच्या मंदिराचा नवा भाग ११४४ मध्ये पूर्ण झाला. तेथून या शैलीचा उगम मानतात. पॅरिसच्या नोत्र दाम या विख्यात कॅथीड्रलचे काम ११६३ मध्ये सुरू झाले. ‘गॉथिक’ हे नाव मात्र त्या शिल्पकारांनी दिलेले नव्हे. गॉथ ही रोमन साम्राज्यावर चालून आलेली एक जमात. तिचा या मंदिरांशी काही संबंध नव्हता. पुढे सोळाव्या शतकातील इटलीच्या विद्वानांना ही टोकदार बांधणी रानटी वाटली आणि त्यांनी तिला तुच्छतेने गॉथांची बांधणी म्हटले. निंदेसाठी दिलेले नाव काळाच्या ओघात मानाचे झाले.

या शिल्पकारांजवळ आजचे गणित नव्हते. ते अनुभवाने शिकले आणि कधी चुकलेही. फ्रान्समधील बोव्हे येथे सुमारे ४८ मीटर उंचीचे छत उभारण्यात आले. १२८४ मध्ये त्याचा काही भाग कोसळला. तेथील लोकांनी अधिक खांब घालून ते पुन्हा बांधले. त्या मंदिराचे लांब दालन अद्यापही अपुरेच आहे. एकेका कॅथीड्रलचे काम कित्येक पिढ्या चाले. पाया घालणाऱ्याला शिखर पाहावयास मिळत नसे आणि शिखर चढवणाऱ्याला पाया घालणाऱ्याचे नावही ठाऊक नसे.

युरोपात पुढे ही शैली मागे पडली. पण एकोणिसाव्या शतकात तिचे पुनरुज्जीवन झाले आणि तेव्हाच ती समुद्र ओलांडून भारतात आली. मुंबईच्या कुलाब्यातील अफगाण चर्च हे तिचे एक ठळक उदाहरण आहे. पहिल्या अफगाण युद्धात व सिंधच्या मोहिमेत पडलेल्या सैनिकांचे स्मारक म्हणून ते बांधले गेले. १८५८ मध्ये तेथे उपासना सुरू झाली आणि १८६५ मध्ये त्याचे सुमारे ६० मीटर उंच शिखर पूर्ण झाले. त्यासाठी कुर्ल्याच्या खाणीतील पिवळसर दगड वापरला आहे. समुद्रातून येणाऱ्या जहाजांना हे शिखर दुरून दिसे. मुंबईत ही शैली केवळ मंदिरांपुरती राहिली नाही. १८८८ मध्ये पूर्ण झालेले व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हे रेल्वेचे स्थानकही याच वळणावर उभारले गेले. त्याच्या नक्षीकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. त्यामुळे परदेशी कमानींवर येथील मोर आणि येथील पाने-फुले येऊन बसली.

साळगावचे मंदिर याच काळातले. कोकणपट्टीत अशी बांधणी करावयाची म्हणजे येथल्या निसर्गाशी जुळवून घेणे आले. या भागातला घराचा दगड जांभा. तो खाणीतून काढतेवेळी मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे सहज पाडता येतात; हवा लागली की तो कठीण होत जातो. परंतु तो सच्छिद्र असल्यामुळे त्यावर बारीक कोरीव काम टिकत नाही आणि उघडा ठेवल्यास तो पाणी पितो. म्हणून जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा करून वर सफेदी देण्याची रीत या प्रदेशात पडली. नाजूक नक्षी दगडात न कोरता गिलाव्यात उठवावी लागते. युरोपातील गॉथिक मंदिरे बहुधा दगडाच्या स्वाभाविक रंगाची असतात. साळगावचे मंदिर शुभ्र आहे. तिकडे उतरत्या छपरावरून बर्फ घसरून जाते, इकडे पावसाच्या धारा ओघळतात. शिल्पाची भाषा परकी, पण ती येथे येऊन कोकणी उच्चार शिकली, असे म्हणावयास हरकत नाही.

मंदिराच्या परिसराचेही असेच आहे. युरोपातील मठांत मंदिराला लागून चौकोनी अंगण असे. त्याच्या चारी बाजूंनी छताखालची वाट आणि मध्यभागी हिरवळ, क्वचित कारंजे व औषधी वनस्पतींचे वाफे. प्रार्थना आणि अभ्यास यांनी थकलेल्या साधूंचे मन तेथे विसावे. जुन्या गोव्यातील ‘से’ कॅथीड्रलसमोर आज विस्तीर्ण हिरवळ व फुलझाडे आहेत. पुरातत्त्व विभाग त्यांची निगा राखतो. मुंबईतील सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८ मध्ये उपासनेसाठी उघडले. त्याच्या जवळच हॉर्निमन सर्कलची वर्तुळाकार बाग गर्दीच्या शहराला सावली देते. साळगावला अशा आखीव उद्यानाची उणीव भासत नाही, कारण समोरची भातशेतेच तेथे बागेचे काम करतात. श्रावणात ती हिरवीगार असतात, कापणीच्या वेळी पिवळी होतात. या रंगांच्या बदलत्या पटावर शुभ्र मंदिर मात्र वर्षभर तसेच उभे असते. आत उपासना चालू असता पाहुण्याने शांतपणे बसावे, टोपी काढावी आणि मोठ्याने बोलू नये, एवढा शिष्टाचार पुरेसा होतो.

या मंदिराच्या मुख्य वेदीवर देवमातेची जी मूर्ती आहे, ती मंदिराहून पुष्कळ जुनी आहे. तिची हकीकत ऐकल्यावाचून साळगावची भेट पुरी होत नाही. जुन्या गोव्याजवळ दावजी येथे फ्रान्सिस्कन साधूंचा एक मठ होता. त्यालाही देवमातेचेच नाव होते. त्या वेळी जुने गोवे हे आशियातील एक संपन्न शहर होते. पुढे साथीच्या रोगांनी ते शहर पोखरले. लोक निघून गेले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयनेही आपले निवासस्थान पणजीस नेले. १८३४ मध्ये पोर्तुगालच्या शासनाने साधूंचे संघ बंद करण्याचा हुकूम काढला आणि गोव्यातील मठ ओस पडले.

ओस पडलेल्या इमारतीचे काय होते, हे पाहावयाचे असेल, तर जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिनच्या भग्न मनोऱ्यापाशी जावे. ते मंदिर गोव्यातील अतिभव्य मंदिरांपैकी एक होते. १८३५ मध्ये तेथील साधू निघून गेले. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १८४२ मध्ये, त्याचे छत कोसळले. शेकडो कारागिरांनी घडवलेले छत, आणि सात पावसाळे! छपराला पडलेले भोक कोणी बुजवले नाही, भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप कोणी उपटले नाही, गिलावा पडला तेथे कोणी चुना लावला नाही. पुढे १९३१ मध्ये दर्शनी भागही ढासळला. आज तेथे मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा आकाशात उभा आहे. त्या मंदिराची थोर घंटा मात्र वाचली. ती आता पणजीच्या मंदिरात वाजते.

दावजीचा मठही असाच मातीस मिळाला. परंतु त्याच्या भग्नावशेषांतून देवमातेची मूर्ती साळगावी आणली गेली आणि नव्या मंदिरात तिची स्थापना झाली. जेथे राजसत्ता, संपत्ती आणि विद्या होती, तेथील वास्तू पडली. जेथे केवळ एक गाव होते, तेथील वास्तू दीडशे वर्षे उभी आहे. याचे कारण दगडाच्या गुणात शोधून सापडणार नाही. दोन्हीकडचा दगड एकाच भूमीतला आणि दोन्हीकडचा पाऊस एकाच आभाळातला. फरक इतकाच की, साळगावात पावसापूर्वी छपर पाहणारे आणि पावसानंतर भिंतींना रंग देणारे हात होते.

ही गोष्ट जगातील सर्वांत नामांकित वास्तूंनाही लागू आहे. २०१९ च्या एप्रिल महिन्यात पॅरिसच्या नोत्र दामला आग लागून त्याचे लाकडी छप्पर व मधले शिखर जळून गेले. खालची दगडी फासळ्यांची छते काही ठिकाणी फुटली, पण बरीचशी टिकली. मग सुतार, गवंडी, काचकाम करणारे असे नाना कारागीर एकत्र आले. त्यांनी जुन्या पद्धती पुन्हा शिकून घेतल्या आणि २०२४ च्या डिसेंबरात ते मंदिर पुन्हा उघडले. साडेआठशे वर्षांपूर्वी सुरू झालेले काम आपल्या काळापर्यंत येऊन पोहोचले, असेच म्हणावे लागेल.

संध्याकाळी साळगावचे मंदिर मावळत्या उन्हात उजळून निघते आणि त्याच्या बारीक शिखरांच्या सावल्या लांब होत जातात. परतीचा प्रवासी पुन्हा तेरेखोल ओलांडून वेंगुर्ल्यास येतो, तेव्हा किनाऱ्यावरच्या होड्यांच्या आकृती अंधुक दिसत असतात. कोणी एखाद्या होडीचा सैल झालेला टेकू पुन्हा घट्ट बसवीत असतो. कोणी उडालेला झाप नीट करीत असतो. त्या कामाकडे आता तो निराळ्या नजरेने पाहतो. होडी असो की मंदिर, ते एकदा बांधून पुरे होत नाही. ज्यांनी बांधले त्यांचे कौशल्य मोठे खरे. पण त्यांच्यामागून दर वर्षी न कंटाळता टेकू देणाऱ्यांची निष्ठा त्याहून लहान नाही.